आरोपीचा कैवार

आरोपीचा बचाव म्हणजे पापाची पाठराखण, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. निमोण्याचा एखादा तरुण शिरूरच्या न्यायालयांत फौजदारी वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला, कीं घरचीं वडीलधारीं माणसें विचारतात, "अरे, त्यानें खरोखरच गुन्हा केला असला तर?" प्रश्न रास्त आहे, परंतु पुरावा पारखल्यावांचून त्याचें उत्तर कोणाजवळ असतें?

२००३ सालीं एका घरावर दरोडा पडून खून झाले. त्याबद्दल २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भटक्या जमातींतील सहा जणांना फांशी ठरविली. २०१९ सालीं त्याच न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. दरोड्यांतून वाचलेल्या साक्षीदारानें प्रारंभीं छायाचित्रांवरून निराळ्याच चार इसमांना ओळखलें होतें. त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांचीं सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं आणि खरे अपराधी मोकळे राहिले. ज्या कुटुंबाचा घात झाला, त्याच्याही पदरीं न्याय पडला नाहीं.

म्हणून आरोपीच्या बाजूनें कसून उलटतपासणी करणारा वकील, फिर्यादीला तो कितीही अप्रिय वाटो, फिर्यादीचेंही हित राखीत असतो. उमेदवारींत शिकावयाचा मोठा धडा तो हाच.