आईवडिलांवर हसावे काय?

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात एक अवघड प्रसंग आहे. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला, तो द्राक्षारस प्याला आणि आपल्या तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले व बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी मात्र खांद्यावर वस्त्र घेतले, ते पाठमोरे चालत आत गेले आणि वडिलांकडे न पाहता त्यांनी त्यांची नग्नता झाकली. हामचा नेमका अपराध कोणता, यावर भाष्यकारांनी पुष्कळ खल केला आहे. सामान्य वाचकाच्या मनावर ठसते ते एवढेच की, आईवडिलांची उणीव आणि चारचौघांचे कान यांच्यामध्ये मुलांनी पांघरूण घेऊन उभे राहावे.

हा प्रसंग आठवण्याचे कारण दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा एक प्रकार. नावारूपाला आलेली व्यक्ती आपल्या बालपणाची कथा मालिकेच्या रूपाने मांडते. त्या कथेत आई असते, वडील असतात, त्यांची गरिबी, त्यांचा राग, त्यांची कंजुषी असते आणि लाखो प्रेक्षक त्यावर हसतात. हे हामचे काम झाले की शेमचे?

अमेरिकन विनोदवीर ख्रिस रॉक यांची ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ ही मालिका या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. २००५ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली आणि चार पर्वांनंतर २००९ च्या मे महिन्यात संपली. पडद्यावर ख्रिसची भूमिका टायलर जेम्स विल्यम्स हा मुलगा करतो आणि मोठेपणीचा खरा ख्रिस रॉक पडद्यामागून निवेदन करतो. स्थळ आहे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट ही कृष्णवर्णीयांची वस्ती, आणि काळ १९८२ पासूनचा. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आई त्याला दूरच्या, गोऱ्या मुलांच्या शाळेत पाठवते. तिथे त्याच्या वाट्याला मार आणि हेटाळणी येते. खऱ्या ख्रिस रॉक यांनीही अशा शाळांत वर्णद्वेषाचा छळ सोसला होता. पुढे त्यांनी शाळा अर्ध्यावर सोडली.

मालिकेतील वडील ज्युलियस दोन दोन नोकऱ्या करतात. त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत तोंडपाठ. टेबलावर दूध सांडले तर किती सेंटचे दूध वाया गेले हे ते तत्काळ सांगतात. झोपलेल्या माणसाला वेळ कळून काय उपयोग, म्हणून रात्री विजेचे घड्याळ बंद करायला लावतात. आई रोशेल करारी आणि तापट. नोकरीत मनाविरुद्ध काही घडले की, आपला नवरा दोन नोकऱ्या करतो, असे ठणकावून ती घरी येते. प्रेक्षक या दोघांवर हसतात, खूप हसतात.

आता आक्षेप घेता येईल तो असा. खरे ज्युलियस रॉक ट्रक चालवीत आणि वर्तमानपत्रे पोहोचवीत. १९८८ साली ते वारले. मालिकेतील आईचे नाव बदलले, वडिलांचे मात्र तेच ठेवले. मालिका आली तेव्हा उत्तर द्यायला ते हयात नव्हते. जो माणूस पैपैचा हिशेब ठेवून मुलांना वाढवतो, त्याचा तोच हिशेब मुलाने जगापुढे विनोद म्हणून मांडावा आणि त्यावर धन मिळवावे, हे चौथ्या आज्ञेत बसते काय? मृतांची अब्रू राखणे हे जिवंतांचे कर्तव्य नव्हे काय?

आक्षेप गंभीर आहे. तरीही त्याचा निकाल देण्यापूर्वी आपल्याच घरातील एका थोर पुत्राकडे पाहिले पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कबुलीजबाब’ लिहिले, तेव्हा त्यांचे आईवडील दोघेही देवाघरी गेले होते. तरी त्या ग्रंथात त्यांनी वडिलांचा, पॅट्रिशियस यांचा, रागीटपणा लपविला नाही. पत्नीशी ते एकनिष्ठ नव्हते हेही सांगितले. साक्षात संत मोनिका यांच्याविषयी त्यांनी लिहिले की, मुलगी असताना त्यांना पिंपातून आणताना द्राक्षारस चाखण्याची सवय लागली होती. पुढे भांडणात एका दासीने त्यांना दारूबाज म्हटले, तो शब्द जिव्हारी लागला आणि सवय सुटली. संताने आपल्या संत आईची ही गोष्ट जगाला का सांगावी?

उत्तर ग्रंथाच्या मांडणीतच आहे. एक तर ऑगस्टीन दुसऱ्याचा दोष सांगण्याआधी स्वतःचा सांगतात. शेजारच्या झाडावरून चोरलेल्या नाशपतींची हकीगत आईच्या द्राक्षारसाच्या कितीतरी आधी येते. दुसरे, वडिलांच्या उणिवांसोबत ते त्यांचा त्यागही सांगतात. पॅट्रिशियस श्रीमंत नव्हते, तरी ऐपतीबाहेर जाऊन मुलाला कार्थेजला शिकायला पाठविण्यासाठी त्यांनी पैसा जमविला. आणि तिसरे, आईच्या मृत्यूची हकीगत संपवताना ते वाचकांना विनवतात की, वेदीपाशी मोनिका आणि पॅट्रिशियस या दोघांचेही स्मरण करावे. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्यासाठी वाचकाने प्रार्थना करावी, येथवर ते लेखन नेऊन पोहोचवतात. हामचे सांगणे नोहाला तंबूत एकटे टाकून बाहेर येते. ऑगस्टीनचे सांगणे वाचकाला हाताशी धरून आत नेते.

या कसोटीवर रॉक यांची मालिका कितपत उतरते? पहिला टोला तिथे निवेदक स्वतःवरच मारतो. नावातच साऱ्यांचा नावडता तो आहे. वडिलांची कंजुषी हास्यास्पद दिसते खरी, पण हळूहळू प्रेक्षकाच्या ध्यानात येते की, तो प्रत्येक सेंट कोणाच्या तरी दप्तरासाठी, कोणाच्या तरी जेवणासाठी वाचविलेला आहे. विनोदाच्या शेवटी ज्युलियस लहान होत नाहीत, मोठेच होतात. आईला तर बोलण्याची संधीही होती. रोझ रॉक यांनी २००८ साली मुलांच्या संगोपनावर स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले. हसण्यालाही सद्गुणाची मर्यादा असू शकते, हे संत थॉमस अॅक्विनास यांनी सांगितलेच आहे. मनाला विश्रांती देणारा विनोद त्यांनी दुर्गुणांत ढकलला नाही. इतरांना इजा करणारा तेवढा निषिद्ध मानला.

परंतु पांघरुणाचीही एक दुसरी बाजू आहे, आणि तिथे प्रश्न अधिक कठीण होतो. एडी ह्वांग हा तैवानी वंशाचा अमेरिकन बल्लवाचार्य. त्याच्या आठवणींचे पुस्तक २०१३ साली आले आणि त्यावरून ‘फ्रेश ऑफ द बोट’ ही विनोदी मालिका २०१५ साली सुरू झाली. पहिल्या पर्वाचे निवेदन त्याने स्वतः केले. मात्र त्याच वर्षी त्याने जाहीरपणे सांगितले की, ही मालिका आता त्याच्या आयुष्याची राहिलेली नाही. त्याच्या तक्रारींपैकी एक अशी की, घरातील मारहाणीचा पुस्तकात आलेला भाग मालिकेने पुसून टाकला. कुटुंबाने एकत्र बसून पाहावी अशी गोष्ट हवी होती. तीत त्या जखमेला जागा नव्हती.

येथे शेम आणि याफेथ यांचे वस्त्र कोणी पांघरले? मुलाने नव्हे. ते पांघरले बाजाराने, आणि वडिलांच्या प्रतिष्ठेसाठी नव्हे, तर प्रेक्षकांच्या सुखासाठी. असे पांघरूण मान राखत नाही, साक्ष बुजवते. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते, आणि ज्याने मार सोसला त्याची साक्ष काढून घेणे हाही त्या आज्ञेचा भंग होऊ शकतो. चौथ्या आज्ञेचा आधार घेऊन घरातील हिंसा झाकणारी माणसे आपल्या ख्रिस्ती समाजातही आहेत. त्यांना नोहाच्या मुलांचे नाव घेण्याचा अधिकार नाही. शेम व याफेथ यांनी वडिलांची लाज झाकली. कोणावर झालेला अन्याय झाकला नाही.

तेव्हा निकष असा निघतो. उणीव आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उणिवेवर प्रेमाने हसता येते, कारण ती आपल्यातही असते. अन्यायावर हसवून तो पचविता येत नाही. तो योग्य माणसाजवळ, योग्य ठिकाणी, स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो. मालिकाकाराने काळ पुढेमागे केला, घरातली भावंडे कमी केली, तर ते खोटे नव्हे. कथा म्हणून सांगितलेल्या कथेला तेवढी मोकळीक असते. पण दुखावलेल्याला सुखी दाखविणे, आणि कष्टाळू बापाला केवळ विदूषक करणे, ही मोकळीक कोणत्याही कथेला नाही.

मालिका करण्याचे भाग्य आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. पण लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला, वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर, सुटीत जमलेल्या भावंडांच्या गप्पांत आईवडिलांच्या गोष्टी प्रत्येक घरात सांगितल्या जातात. बाबांचा काटकसरीपणा, आईचा संताप, आजोबांचा हट्ट यांवर हशा पिकतो. तो हशा पिकू द्यावा. ज्या घरात मृतांवर कोणी हसत नाही, तिथे पुष्कळदा मृतांची कोणी आठवणही काढत नाही. मात्र गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्या नातवंडांना त्या माणसासाठी मेणबत्ती लावावीशी वाटते का, एवढे सांगणाऱ्याने पाहावे. वाटत असेल, तर त्याने वडिलांचे वस्त्र काढले नाही, उलट नव्या पिढीच्या खांद्यावर ते सोपविले, असे समजावे.