पाहुणा आणि गिऱ्हाईक

शिजविलेलें अन्न विकावें कीं न विकावें, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं. पूर्वीं तो विचारला जात असे, आणि त्याचें उत्तरही ठरलेलें होतें. आपत्कालीं वैश्यवृत्तीनें पोट भरणाऱ्या ब्राह्मण-क्षत्रियांनीं कोणत्या वस्तू विकूं नयेत याची एक लांबलचक यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आहे. तींत रांधलेलें अन्नही आहे. ती यादी आज पाळली जात नाहीं याबद्दल आम्हांस यत्किंचितही खेद नाहीं. अन्नाच्या देवघेवीला जातीचीं कुंपणें घालणाऱ्या व्यवस्थेचाच तो एक भाग होता. परंतु निषेध गेला म्हणून त्याबरोबर सगळी शंकाही मिटली, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. परक्याच्या पोटांत जाणाऱ्या वस्तूचे पैसे घेतांना आपण कशाची हमी देतों? आणि ती हमी देण्याची आपली पात्रता कोणीं ठरवावयाची?

हा प्रश्न आम्हांस पुस्तक वाचून सुचलेला नाहीं. आमचे एक स्नेही पुण्यांत एका कचेरींत ३१ वर्षें नोकरी करून निवृत्त झाले. त्यांना स्वयंपाकाचा विलक्षण नाद. रविवारीं आठ-दहा मंडळी जमवावीं, मसाले स्वतः भाजावे, स्वतः वाटावे, आणि पंगतींत आग्रह करकरून वाढावें, यांतच त्यांचें सुख. त्यांच्या हातची आमटी आणि मटकीची उसळ खाऊन आम्हीं अनेकदां म्हटलें, "अहो, तुम्ही खाणावळ काढा, लोक रांगा लावतील!" हें वाक्य आम्हीं किती वेळां उच्चारलें याची मोजदाद आम्हीं ठेविली नाहीं, त्यांनीं मात्र ठेविली असावी. कारण भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं येतांच त्यांनीं एक गाळा भाड्यानें घेतला, सहा टेबलें मांडलीं, एक आचारी, एक वाढपी व भांडीं घासावयास एक बाई ठेविली, आणि दारावर पाटी लाविली. १४ महिन्यांनीं ती पाटी उतरली.

अशा प्रसंगीं लोक दोन प्रकारें बोलतात. कांहीं म्हणतात, "ज्यांतलें आपल्याला कळत नाहीं, त्यांत पडावेंच कशाला?" दुसरे म्हणतात, "यश आलें नाहीं तरी धाडस केलें, हेंच मोठें." आमच्या मतें हीं दोन्हीं बोलणीं मूळ प्रश्नाला बगल देणारीं आहेत.

पहिलें बोलणें खरें मानलें तर कोणताही धंदा कोणीच सुरू करावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं इराणांतून मुंबईस आलेल्या झरतुष्ट्री लोकांपैकीं अनेकांनीं चहा, ब्रून आणि मस्का यांवर कोपऱ्याकोपऱ्यांवर दुकानें थाटलीं. कयानी हें १९०४ सालचें. उपाहारगृहाचा धंदा कोणी त्यांना शाळेंत शिकविला नव्हता. गिरणगांवांतल्या खाणावळवाल्या बायकांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कोंकणांतून व घाटावरून आलेले गिरणीकामगार बिऱ्हाड गांवीं ठेवून एकेका खोलींत दाटीवाटीनें राहत आणि महिनेवारीनें कोणा बाईच्या घरीं जेवत. या बायकांजवळ भांडवल नव्हतें, शिक्षण नव्हतें. घरचा स्वयंपाक तेवढा येत होता. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना सावकाराच्या पाशांतून सोडविण्याकरितां बँकांच्या कर्जाचा मार्ग मोकळा केला. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्यांच्या पगारावर जेवणाचें खातें चाले, त्यांचा पगारच थांबला. त्याचा भार खाणावळींवर पडल्यावांचून कसा राहील? तात्पर्य, अनुभव नसतां या धंद्यांत शिरणें हा कांहीं गुन्हा नव्हे. उपजत अनुभव कोणालाच नसतो.

मग त्या बायकांत आणि आमच्या स्नेह्यांत अंतर कोठें पडलें? स्वयंपाकाच्या कसबांत तें नव्हतें. त्या बाईचें शिक्षण चार-पांच माणसांच्या पानावर झालें. जो कामगार सकाळीं जेवून गेला तोच संध्याकाळीं समोर बसे, आणि भाजी बिघडली तर तोंडावर सांगे. त्याच पातेल्यांतलें अन्न तिचीं मुलेंही खात. चूक झाली तर तिची शिक्षा लहान असे, लगेच मिळे, आणि प्रथम तिलाच मिळे. आमच्या स्नेह्यांनीं ज्या रीतीनें आरंभ केला तींत शिक्षा मोठी होती, उशिरां मिळणारी होती, आणि ती प्रथम दुसऱ्यांना मिळणारी होती.

हें कसें, तें थोडक्या हिशोबानें दाखवितां येईल. समजा, एका थाळीची किंमत १५० रुपये आहे आणि रोज ६० थाळ्या विकतात. दर थाळीमागें शिध्याचे ५० रुपये, गाळ्याचें भाडें व वीज यांचे ३५, मजुरीचे ४० आणि गॅस वगैरेंचे १० धरले, तर १५ रुपये उरतात. म्हणजे दिवसाकाठीं ९०० रुपये. आतां पावसाचा दिवस उजाडला आणि ४० माणसेंच आलीं. भाडें आणि मजुरी तर कमी होत नाहींत. ४० जणांचेंच रांधलें असतें तरी ९०० रुपये तोटा. पण सकाळीं पाऊस येणार हें ठाऊक नसल्यामुळें रांधलें ६० जणांचें, म्हणून तोटा २,१०० रुपये. आणि रात्रीं दहा वाजतां, दार लावतांना, वीस माणसांचें अन्न पातेल्यांत शिल्लक.

या क्षणापर्यंत प्रश्न व्यवहाराचा होता. येथून पुढें तो नीतीचा होतो. घरीं उरलेल्या भाताचा सकाळीं फोडणीचा भात करतात आणि कोणाला कांहीं होत नाहीं. परंतु घरचें पातेलें लहान असतें, तें लवकर निवतें. मोठ्या पातेल्यांतला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. भात शिजला तरी न मरणारे कांहीं जीवाणूंचे बीजकण त्यांत असतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जीवाणूंना वाढावयास फावतें, आणि त्यांतले कांहीं जें विष निर्माण करतात तें भात पुन्हां तापविल्यानेंही नाहींसें होत नाहीं. म्हणजे चाळीस वर्षें घरीं स्वयंपाक केलेल्या माणसाचा अनुभवच येथें त्याला फसवितो. त्याचा हात त्याला सांगतो, "याला कांहीं होत नाहीं." गल्ला त्याला सांगतो, "टाकलेंस तर बुडालास." या दोन सल्लागारांपुढें सज्जन माणूसही डळमळतो. आमचे स्नेही सज्जन आहेत, याविषयीं आम्हांस तेव्हांही शंका नव्हती, आजही नाहीं.

त्या वर्षींच्या श्रावणांत एका संध्याकाळीं आम्ही त्यांच्याकडे जेवावयास गेलों. आमटी आदल्या दिवशींची होती. पहिल्या घांसाबरोबर तें आम्हांस कळलें. शेजारच्या टेबलावर एक तरुण विद्यार्थी बसला होता. त्यानें दोन घांस घेऊन वाटी बाजूला सारली, मुकाट्यानें पैसे दिले आणि तो निघून गेला. स्नेही आमच्याजवळ आले आणि त्यांनीं विचारलें, "कशी झाली आहे?" आम्ही म्हणालों, "छान." त्या संध्याकाळीं त्यांना खरें सांगूं शकणारीं माणसें दोनच होतीं. एकानें मैत्रीखातर खोटें सांगितलें. दुसऱ्याला सांगण्याचें कारणच नव्हतें, त्यानें फक्त पुन्हां येऊं नये एवढेंच त्याच्या हातीं होतें.

आम्हांस आज वाटतें तें असें कीं, पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतलें अंतर आम्हीं त्या घरांतल्या पंगतींतच पुसून टाकलें होतें. पाहुणा आपण निवडतों. तो आपल्या प्रेमानें बांधला गेलेला असतो. मीठ जास्त झालें तरी तो पाणी पिऊन गप्प बसतो, आणि तसें बसणें ही त्याची सभ्यता ठरते. गिऱ्हाईक आपण निवडीत नाहीं, आणि निवडूंही नये. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानें धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक उपाहारगृहांत कोणासही मज्जाव करूं नये असें ठरविलें. जेथें पूर्वीं जात विचारून पाट मांडला जाई, त्या समाजांत ही केवढी मोठी गोष्ट! म्हणजे दुकानाचें दार ज्या क्षणीं उघडलें, त्या क्षणीं अनोळखी माणसाचा तेथें हक्क उत्पन्न झाला. तो हक्क आपल्या प्रेमावर अवलंबून नाहीं. त्याला आपला आग्रह नको, आपली हौस नको. त्याला निर्धास्तपणा हवा. किंमत मोजल्यामुळें तो आपल्या ऋणांतून मोकळा झालेला असतो, आणि म्हणूनच त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार असतो. अन्नदानाला आपण पुण्य म्हणतों आणि अन्नविक्रयाला नुसता धंदा. परंतु दान घेणारा तक्रार करीत नाहीं, विकत घेणारा करूं शकतो. या दृष्टीनें पाहिलें तर विकणें हीच अधिक कठीण परीक्षा आहे.

कोणी म्हणेल, याकरितां कायदा आहे ना! आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानें लहानांतल्या लहान खाद्यव्यावसायिकासही नोंदणी सक्तीची आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु रात्रीं दहा वाजतां पातेल्याशेजारीं कायदा उभा नसतो. तेथें मालक एकटा असतो. तेव्हां धंद्याचा अनुभव नसलेल्या माणसानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न "मला हें जमेल काय?" हा नव्हे, तो आधीं कोणालाच ठाऊक नसतो. खरा प्रश्न असा कीं, "जमेपर्यंतच्या माझ्या चुकांची किंमत कोण देणार?" ती मी देणार असेन तर माझें साहस निर्दोष आहे, मग तें फसलें तरी बेहत्तर. ती माझा आचारी, माझा किराणावाला, किंवा तो अनोळखी विद्यार्थी देणार असेल, तर तें यशस्वी झालें तरी त्याला डाग आहे.

या कसोटीवर आमचे स्नेही बव्हंशीं उतरले, हें येथें सांगितलें पाहिजे. पाटी उतरविण्यापूर्वीं त्यांनीं आचाऱ्याचा, वाढप्याचा व भांडीं घासणाऱ्या बाईचा पगार चुकता केला, मग वाण्याचें देणें फेडलें, आणि उरलेला तोटा स्वतःच्या निधींतून सोसला. ती एक आमटी मात्र त्यांच्या मनांतून जात नाहीं. आमच्याही जात नाहीं. कारण तिचा अर्धा दोष आमचा आहे.

पुढें ते शेजारच्या गल्लींत पोळीभाजी केंद्र चालविणाऱ्या एका बाईंकडे गेले आणि "मला शिकवा" म्हणाले. बाई वयानें त्यांच्याहून वीस वर्षांनीं लहान. त्या म्हणाल्या, "काका, रांधायला तुम्ही मलाच शिकवाल. पण तुम्ही जेवू घालत होता. मी जेवण विकते. रात्री काय उरलं ते आधी लिहायला शिका." तेव्हांपासून ते रोज सकाळीं तीन तास तेथें जातात, कांदे चिरतात, पोळ्या मोजतात, आणि रात्रीं काय उरलें, काय टाकलें, तें एका वहींत लिहितात. पुन्हां दुकान काढणार कीं नाहीं, हें त्यांनीं आम्हांस सांगितलेलें नाहीं. आम्हींही या खेपेस सल्ला दिला नाहीं.

गेल्या महिन्यांत त्यांनीं आम्हांस घरीं जेवावयास बोलाविलें. पानावर तीच मटकीची उसळ होती. "कशी झाली आहे?" त्यांनीं विचारलें. इतक्या वर्षांच्या संवयीनें "छान" हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून आम्ही म्हणालों, "मीठ किंचित जास्त आहे." ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं बोटांनीं उसळ चाखली, म्हणाले, "खरं आहे," आणि उठून वही आणावयास आंत गेले.