गैरहजर आणि फरार

फौजदारी न्यायालयाने काढलेल्या अटकेच्या अधिपत्राला, ज्याला कोर्टात आणि गावात सगळेच पकड वॉरंट म्हणतात, भारतीय कायद्याने मुदत घातलेली नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणारे न्यायालय ते रद्द करीपर्यंत अमलात राहते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद १९७३ च्या संहितेत कलम ७० म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२ म्हणून कायम राहिली. वॉरंटातून सुटण्याची वाटही याच तरतुदीत आहे, परंतु ती न्यायालयाच्या दारातून जाते आणि नेमके त्याच दाराच्या भयाने माणसे वर्षानुवर्षे दूर राहतात.

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील फुलंब्रीसारख्या तालुक्यात हे भय बहुधा लहान प्रकरणांतून उपजते. पतसंस्थेला कर्जापोटी दिलेला धनादेश वटला नाही, तर होणारा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे. तरीही आरोपी तारखांना आला नाही की आधी जामीनपात्र वॉरंट निघते, ज्यात ठरल्या रकमेचा मुचलका घेऊन पोलीसच त्याला सोडू शकतात, आणि पुढे अजामीनपात्र वॉरंट, ज्यात त्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावेच लागते. मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मजुराला तारखेसाठी फड सोडून येणे किती अवघड असते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. त्याच्यासाठी सातबारा जोडून जामीन राहिलेल्या चुलत्याला मात्र जामीनकदबा जप्त का करू नये, अशी नोटीस येते आणि भाऊबंदकीत कायमची तेढ पडते.

गैरहजर आणि फरार यांत कायदा स्वतः भेद करतो. समन्स निघालेल्या माणसाविरुद्ध वॉरंट काढताना नव्या संहितेच्या कलम ९० नुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट असा क्रम सांगितला. आरोपी फरार आहे किंवा लपून बसला आहे असे मानण्यास कारण असेल, तरच कलम ८४ खालील उद्घोषणा, म्हणजे किमान तीस दिवसांची मुदत देऊन गावात जाहीर वाचला जाणारा हुकूम, काढता येते. या साऱ्या विवेकाची जागा रोजनाम्यातील ‘आरोपी गैरहजर’ या एका ओळीने घेणे अन्यायाचे आहे. उलट, जो स्वतःहून हजर होऊन दवाखान्याचा कागद किंवा कामाच्या ठिकाणचा दाखला दाखवतो, त्याचे वॉरंट योग्य अटींवर रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड येथे, २००५ मध्ये संघीय मार्शल खात्याने एका चर्चमध्ये वॉरंट निघालेल्या लोकांना स्वतःहून हजर होण्याची सोय केली, तेव्हा माफीचे आश्वासन नसतानाही चार दिवसांत ८०० हून अधिक माणसे आपण होऊन आली. महाराष्ट्रात अशा सोयीसाठी नवा कायदा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तालुका विधी सेवा समित्या आहेत, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या समित्यांनी न्यायालयाच्या संमतीने दरवर्षी दसऱ्याआधी, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, जुन्या वॉरंटांसाठी खास दिवस ठेवावा आणि त्याची दवंडी गावोगाव द्यावी. आणि ज्यांच्या नावावर वॉरंट असेल त्यांनी पोलिसांची वाट न पाहता वकील घेऊन हजर व्हावे.