वाफ्याचं दार

तालुक्याच्या एका गावी बसस्टँडसमोर एका उस्तादांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. पोरगा हुशार होता, पण त्याचे हात डोक्याच्या पुढे धावत.

एके दुपारी एक शेतकरी पिशवीत लॅपटॉप घेऊन आला.

"लेकीचा आहे भाऊ. बरेच महिने कपाटात पडून होता. आता इंटरनेट लागत नाही म्हणते. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय, उद्या शेवटची तारीख."

उस्ताद एका प्रिंटरमध्ये गुंतले होते. ते म्हणाले, "बघ रे पोरा."

पोराने लॅपटॉप दुकानाच्या वायफायला जोडला. वायफाय लागलं. अर्जाचं संकेतस्थळ उघडलं, तर पडद्यावर लाल खूण आली आणि खाली काही मजकूर. पोराने तो न वाचताच मिटवला. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा लाल खूण. वायफायचा पासवर्ड पुसून नव्याने टाकला. पुन्हा तेच. डीएनएसचे आकडे बदलले. तरीही तेच. शेवटी त्याने वायफायचा ड्रायव्हरच काढून टाकला. आता तर वायफायची खूणही पडद्यावरून गेली.

"उस्ताद, याचं वायफाय कार्ड गेलंय. नवं टाकावं लागेल."

शेतकऱ्याने नकळत खिसा चाचपला.

उस्तादांनी प्रिंटर बाजूला ठेवला. "काय काय केलंस?"

पोराने सांगितलं. पण आधी काय केलं, नंतर काय केलं, ते त्याला नीट सांगता येईना. जुने आकडे काय होते, तेही आठवेना.

"दादा आले तेव्हा एक बिघाड होता," उस्ताद म्हणाले. "आता किती आहेत, ते तुलाही माहीत नाही."

त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. ड्रायव्हर आपोआप परत बसला. वायफाय पुन्हा जोडलं. डीएनएस आपोआप मिळेल असं करून ठेवलं. मग ते शेतकऱ्याकडे वळले.

"दादा, शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं नाही, तर तुम्ही काय करता?"

"काय करायचं? विहिरीपासून पाटाच्या कडेकडेनं चालत यायचं. जिथवर पाणी दिसतंय, तिथवर पाट धड. जिथं पाणी गायब, तिथं फुटलाय."

"सगळा पाट उकरत नाही?"

शेतकरी हसला. "उकरला तर एका फुटीच्या दहा होतील."

उस्तादांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून पोराच्या हातात दिला. "आपण वाफ्याकडून विहिरीकडे चालू. एका वेळी एकच पाऊल. मी सांगतो ते कर आणि काय झालं ते लिही. आधी दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालतंय का बघ."

"चालतंय."

"म्हणजे दुकानाची लाइन ठीक. लिही. आता या लॅपटॉपवरून पिंग कर. पिंग म्हणजे हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकायचं. पहिली हाक स्वतःलाच. १२७.०.०.१."

ओ आली. पोराने लिहिलं.

"आता राउटरला. १९२.१६८.१.१."

ओ आली.

"आता गावाबाहेर, लांब. ८.८.८.८."

ओ आली.

"आता आकड्याने नको, संकेतस्थळाच्या नावाने विचार. नावाचा आकडा मिळतो का?"

मिळाला. पोराने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पाच ओळी, पाचही ठीक. तो गोंधळला.

"उस्ताद, सगळंच चालतंय. मग बिघाड आहे कुठे?"

उस्तादांच्या आधी शेतकरीच बोलला. "पाणी बांधापर्यंत येतंय ना पोरा? मग वाफ्याचंच दार बंद असंल."

"संकेतस्थळ पुन्हा उघड," उस्ताद म्हणाले. "आणि या वेळी वाच."

लाल खूण आली. पोराने बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अगदी खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत, एक लांबलचक शब्द होता. त्यात 'डेट' हा शब्द दडलेला होता.

पोराची नजर हळूहळू पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे तारीख होती १ जानेवारी २०१५.

"आता सांग," उस्ताद म्हणाले.

पोराला लगेच सांगता येईना. तेव्हा त्यांनीच सांगितलं. "सुरक्षित संकेतस्थळ दारात आलं की आपलं ओळखपत्र दाखवतं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. या लॅपटॉपच्या घड्याळात २०१५ साल आहे. त्याला वाटतं, हे ओळखपत्र अजून सुरूच व्हायचंय. म्हणून तो दार लावून घेतो."

त्यांनी लॅपटॉपची पाठ उघडली. आत नाण्याएवढा गोल सेल होता. बॅटरी उतरली तरी घड्याळ त्याच्यावर चालतं. पोराने मीटर लावला. नवा असता तर सेलने ३ व्होल्ट दाखवले असते. हा १ व्होल्टही दाखवेना. त्यांनी नवा सेल घातला, तारीख आणि वेळ बरोबर केली.

संकेतस्थळ उघडलं. शेतकऱ्याने लेकीला फोन लावला, "ये गं, चालू झाला." संध्याकाळच्या आत तिचा अर्ज गेला. उस्तादांनी सेलचे आणि कामाचे तेवढे पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकानात आणखी एक लॅपटॉप आला. "इंटरनेट लागत नाही," गिऱ्हाईक म्हणालं. पोराचे हात सवयीने पुढे झाले आणि मध्येच थांबले. त्याने आधी पडद्यावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. मग एक पुठ्ठा शोधला आणि त्यावर १ हा आकडा घातला.

तात्पर्य : बिघाड कुठे नाही, हे एकेक करून पाहत गेलं, की तो कुठे आहे ते सापडतं.