ओळखीचा माणूस

काउंटरमागे बसून मी इतकी वर्षं एकच काम करतो आहे: समोरच्यावर संशय घेणं. पगार त्याचाच मिळतो. चेकची तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे ना, आकडी आणि अक्षरी रक्कम जुळते ना, सही पडद्यावरच्या सहीसारखी आहे ना. (रक्कम न जुळल्यास अक्षरी खरी, असं १८८१ चा कायदा म्हणतो. आमचे साहेब 'परत करा' म्हणतात.)

पुतण्या 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीत बिडकीनला आला होता. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेली ही भाषा भलतीच भाबडी निघाली. तिथलं फंक्शन म्हणजे आमचं काउंटर आणि आर्ग्युमेंट म्हणजे खिडकीतून सरकवलेली स्लिप. अक्षरं मोजणाऱ्या 'स्ट्रलेन'ला शब्दाऐवजी 'नल', म्हणजे कुठलाच नसलेला पत्ता, दिला तरी ते बहुधा काही विचारत नाही. मुकाट मोजायला निघतं आणि सगळा प्रोग्रॅम घेऊन आडवं होतं. चूक देणाऱ्याची, म्हणे!

"मग घेणाऱ्याने तपासायचंच नाही?"

"तपासता येतं ना, काका. 'असर्ट' लिहायचं. अट मोडली की फाइलचं नाव, ओळीचा नंबर सांगून प्रोग्रॅम जागीच थांबतो."

हा असर्ट मला आवडला. अगदी आमचा हेडकॅशिअर.

"पण गिऱ्हाइकाला देताना पुष्कळजण 'एनडीबग' लावून ते काढून टाकतात. वेळ वाचतो."

म्हणजे विहिरीत शिकताना पाठीला डबा बांधायचा आणि नाथसागरात उतरताना सोडून ठेवायचा! (इंग्लंडच्या टोनी होअर यांनी १९७३ मध्येच जीवरक्षक जाकिटाचा असा दाखला दिला होता. मोठी माणसं आपलं सगळं आधीच बोलून ठेवतात.)

मी हसलो, पण फार वेळ नाही.

आमच्याकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं जुनं खातं आहे. विड्रॉल स्लिप घेऊन खातेदाराने स्वतः यायचं, हा नियम. एकदा मुलगाच आला. रोजचा रामराम, सहीकडे निरखून पाहायची मला लाज वाटली. वीस हजार मोजून दिले.

आठवड्याने म्हातारबा पासबुक भरायला आले. नोंदीवर बोट ठेवून उभेच राहिले. माझ्या पोटात गोळा आला. स्लिप शोधून पुढे केली.

"बाबा, ही सही तुमचीच ना?"

त्यांनी चष्मा पुसला. स्लिप जवळ धरली, लांब धरली. सहीतला 'र' त्यांचा नव्हता, हे आता मलाही दिसत होतं.

"माझीच हाय, साहेब," ते म्हणाले.

मी स्लिप परत गठ्ठ्यात लावली.