सैनिकाचा जीव : एक अमानत

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचे नाव काढले की हल्ली लोकांना वाद आठवतो. मला तिथली खाडी आठवते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे याच खाडीच्या परिसरात त्यांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. त्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता, हे आपण अभिमानाने सांगतो. आता त्याच किनाऱ्यावर नौदलातून निवृत्त झालेली टी-80 ही युद्धनौका आणून ठेवली आहे.

ती पाहायला मी मामूंना घेऊन गेलो होतो. मामू पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, कौशाला राहतात. मुले तोफेकडे बोट दाखवत होती. मामू बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "यात किती माणसं राहत असतील रे? आणि त्यांना झोप येत असेल का?"

परतताना रिक्षात त्यांनी जे सांगितले, ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्यांच्या तुकडीत एक तरुण जवान होता. काही दिवसांपासून तो बोलेनासा झाला होता, ताटात अन्न टाकून उठत होता. रात्रीच्या पहाऱ्यांनी झोप उडाली होती. घरचे काही दुखणे होते, रजा मिळत नव्हती. मामूंनी वरिष्ठांच्या कानावर घातले. "जवान है, ठीक हो जाएगा," असे उत्तर मिळाले. आठवडाभराने त्या मुलाने स्वतःचा जीव घेतला. सगळे म्हणाले, त्याची वेळ आली होती. मामू म्हणाले, "बेटा, मी सांगितलं, पण हट्ट धरला नाही. अल्लाहनं वेळ ठरवली असेल. पण हट्ट धरायचं माझ्यावर होतं ना?"

या एका प्रश्नात नेतृत्वाचा सगळा नैतिक पेच आहे, असे मला वाटते. ज्याच्या हुकुमावर दुसऱ्यांचे जीव अवलंबून आहेत, त्याची जबाबदारी कुठे संपते आणि तकदीर कुठे सुरू होते?

हा प्रश्न आपल्या इतिहासात चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. हिजरी 18, म्हणजे इसवी सन 639च्या सुमारास शाममध्ये अमवासची प्लेगची साथ पसरली. हजरत उमर (रजि.) लोकांसह शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी साथीची खबर मिळताच त्यांनी सल्लामसलत केली आणि मागे फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शामचे सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? हजरत उमरांच्या उत्तराचा आशय असा की, आपण तकदीरीपासून तकदीरीकडेच जात आहोत. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर शहाणा माणूस उंट हिरव्या बाजूला चारतो. तेही तकदीरीतच येते.

मला यातला अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. तकदीर मानणे म्हणजे सावधपणा सोडणे नव्हे. स्वतःच्या जीवाबद्दल कुणी बेफिकीर राहिला, तर तो त्याचा आणि त्याच्या रबचा मामला आहे. दुसऱ्याच्या जीवाबद्दल बेफिकीर राहून तकदीरीचे नाव घेणे ही मात्र अमानतीत खयानत आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे हजरत उमरांनी अबू उबैदांना वाचवण्यासाठी, एक काम असल्याचे निमित्त करून मदिनेला बोलावले. अबू उबैदांनी हेतू ओळखला आणि आपल्या सैनिकांना सोडून येण्यास नम्रपणे नकार दिला. ते त्याच साथीत गेले. नंतर अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगराळ भागात पांगवले आणि साथ ओसरली, असे इतिहासकार सांगतात.

आपल्या काळातही अबू उबैदांचे भाऊबंद झाले. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या हल्ल्यात आयएनएस खुकरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना नौका सोडायला लावली आणि स्वतः नौकेबरोबर गेले. असा माणूस डोळ्यांसमोर आला की मान आपोआप झुकते. तरीही एक प्रश्न उरतोच. पाणबुडी शोधण्याची खुकरीची यंत्रणा शत्रूच्या पाणबुडीपुढे कमी पडणारी होती, असे पुढे लिहिले गेले. कप्तानाने आपला हिशेब स्वतःच्या जीवाने चुकता केला. किनाऱ्यावर बसून नौका पाठवणाऱ्यांचा हिशेब त्यातून चुकता होतो काय? एका माणसाचे शौर्य अनेकांच्या हलगर्जीवर पांघरूण म्हणून वापरले जाऊ नये.

मुंबईने दुसरे उदाहरणही पाहिले. 14 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन 18 जण गेले. 26 फेब्रुवारी 2014 रोजी मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत आगीने दोन अधिकाऱ्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पुलावरचा साधा अपघातही खालच्या माणसावर ढकलणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट लहान नाही. पण राजीनामा दुर्घटनेनंतर येतो. अमानत सांभाळायची असते ती दुर्घटनेआधी.

ती कशी सांभाळावी, याचा नमुना आपल्याच मातीत आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना एक पत्र लिहिले होते. त्यात लढाईच्या गप्पा नाहीत. दाणा-वैरण आताच संपवली तर पावसाळ्यात घोडे मरतील, याची काळजी आहे. सैनिक उपाशी राहिले तर कुणब्यांना लुबाडतील, याची आहे. आणि रात्री दिवे जळत ठेवले तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल, याचीही आहे. राजा एका उंदराचा विचार करतो आहे!

न लागलेल्या आगीचे स्मारक कुणी बांधत नाही. डोंबिवलीच्या घरडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सचान यांचे स्मारक आहे आणि ते असायलाच हवे. पण वेळेवर मिळालेल्या रजेमुळे जो जवान घरी सुखरूप परतला, त्याच्या अधिकाऱ्याचे नाव कोणत्याही चौकाला दिले जात नाही. म्हणून हे नेतृत्व सर्वांत अवघड. त्यात टाळ्या नाहीत.

कुणी म्हणेल, फौज ही धोक्यासाठीच असते, फार लाड केले तर जवान कमजोर होतील. धोका खराच आहे. पण कामासाठी पत्करलेला धोका वेगळा आणि दुर्लक्षामुळे फुकट गेलेला जीव वेगळा. चिपळूणच्या पत्रातले घोडे जपायचे होते, ते पावसाळ्यानंतर लढण्यासाठीच. हजरत उमरांविषयी अशी रिवायत आहे की, एका सैनिकाच्या पत्नीची विरहव्यथा कानी पडल्यावर त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले आणि सैनिकाने घरापासून दूर राहण्याची मुदत ठरवून दिली. कुठे ती चार महिने सांगितली आहे, कुठे सहा. ज्याच्या फौजांनी इराण आणि शाम जिंकले, त्याला सैनिकाला रजा देण्यात दुबळेपणा वाटला नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपण मुसलमान सैनिकाची आठवण केव्हा काढतो? कुणी आपल्या निष्ठेवर बोट ठेवले की वीर अब्दुल हमीदांचे नाव पुढे करतो. 1965च्या त्या परमवीराचा अभिमान योग्यच आहे. पण सैनिक म्हणजे आपल्या खिशातला दाखला नव्हे. मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मोहल्ल्यांत फौजेतून परतलेली माणसे आहेत. आपण त्यांना पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभे करतो. त्यांना झोप लागते का, हे विचारत नाही.

प्रेषितांच्या (स.) शिकवणीत प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल विचारले जाणार आहे. ही जबाबदारी अॅडमिरलपासून सुरू होते आणि ताटात टाकलेले अन्न ज्याच्या नजरेला पडते, त्या हवालदारापर्यंत येते. मामूंनी ती ओळखली, म्हणूनच इतक्या वर्षांनी ती त्यांना टोचते. ज्यांनी "ठीक हो जाएगा" म्हटले, त्यांना टोचते की नाही, मला ठाऊक नाही.

कौशाला रिक्षातून उतरताना मी त्यांना म्हणालो, "मामू, तुम्ही निदान सांगितलं तरी होतं." ते म्हणाले, "सांगणं म्हणजे अर्धी नोकरी, बेटा." आणि असरच्या नमाजसाठी मशिदीकडे वळले.