शोभेसाठी घडवलेला जीव

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. संत्री, कापूस आणि ज्वारी यांवर जगणाऱ्या या मराठीभाषक पट्ट्याला संकराची, म्हणजे दोन भिन्न जाती किंवा वाणांच्या मिलनातून तिसरा जीव निर्माण करण्याची, ओळख पोथीतून झालेली नाही. ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे संकरित वाण १९६४ साली आणि सुरतच्या संशोधन केंद्रातील ‘एच-४’ हा कापूस १९७० साली आला, तेव्हापासून ‘हायब्रीड’ बियाणे दर हंगामाला विकत घेण्याची सवय मध्य भारतातील कोरडवाहू शेतीला लागत गेली; आणि वर्धा, नागपूर, छिंदवाडा या भागांतील पांढऱ्या गवळाऊ गाईंच्या गोठ्यांत कृत्रिम रेतनाच्या वाटेने जर्सी आणि होल्स्टिन रक्त शिरले. या संकरांवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकामागे धान्य, धागा किंवा दूध अशी सांगता येण्याजोगी गरज होती. पाळीव पोपटांच्या संकरामागे अशी गरज दाखवता येत नाही, आणि म्हणूनच धर्मविचाराच्या दृष्टीने तो अधिक अवघड प्रश्न ठरतो.

येथे ‘संकरित पोपट’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. बाजारात मिळणारा पिवळा किंवा निळा राघू हा बहुधा संकरित नसतो. एकाच जातीत आपोआप उद्भवलेला रंगातील फरक, ज्याला उत्परिवर्तन म्हणतात, माणसाने निवडून पुढे वाढवलेला असतो. संकरित पोपटाचे आईबाप मात्र दोन वेगळ्या जातींचे असतात. दक्षिण अमेरिकेतील निळा-पिवळा मकाऊ आणि लाल मकाऊ यांच्या जोडीतून ‘कॅटालिना’ निघतो, निळा-पिवळा आणि हिरव्या पंखांचा मकाऊ यांच्यातून ‘हार्लेक्विन’, तर सन कोनूर आणि जेंडे कोनूर यांच्यातून ‘संडे कोनूर’. ही नावे विक्रेत्यांनी दिलेली आहेत. त्या नावांचा पक्षी कोणत्याही जंगलात थवा करून राहत नाही.

सातपुड्याच्या उतारावरचे पोपट या व्यवहारात थेट येत नाहीत. गळ्यात गुलाबी-काळे कडे असलेला नेहमीचा राघू, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट डोक्याचा लहान पोपट या तिन्ही देशी जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि त्या पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, जरी ओसरीवर टांगलेला मिठू अजूनही अनेक गावांत दिसत असला तरी. या बंदीमुळे हौशी ग्राहकाची मागणी पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी जातींकडे वळणे स्वाभाविक होते. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइटिस’ हा करार मागच्या चार पिढ्यांत संरक्षित जातीचा पूर्वज असलेल्या संकरित प्राण्यालाही आपले नियम लावतो, आणि भारतीय कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती व २०२४ चे नियम अशा परदेशी प्राण्यांची मालकी, जन्म, हस्तांतरण आणि मृत्यू यांची नोंद मागतात. कायदा अशा रीतीने पक्षी कोणाचा आहे हे विचारतो. तो मुळात का जन्माला घातला, हे विचारणे त्याच्या कक्षेत येत नाही.

या ‘का’ला पहिले उत्तर शुद्धतेच्या नावाने दिले जाते. संकर निसर्गाविरुद्ध आहे, म्हणून तो अधर्म आहे, असे म्हणणाऱ्याच्या मागे एक जुनी परंपरा उभी असते. गीतेच्या पहिल्या अध्यायात कुलक्षयाच्या विचाराने व्याकुळ झालेला अर्जुन वर्णसंकराचीच भीती बोलून दाखवतो. परंतु ही भीती मानवी समाजरचनेविषयीची आहे, आणि तिने माणसांचे काय केले हे नागपूरपासून इतक्या जवळच्या प्रदेशात निराळे सांगावे लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात शुद्ध वंशाची कल्पनाच खोडून काढली. जे प्रमाण माणसांच्या बाबतीत अन्यायाचे ठरले, ते पक्ष्यांसाठी पुन्हा उचलून आणणे हे बौद्धिक आळसाचे लक्षण होय. निसर्गातही जवळच्या जातींचे संकर होत असतात. शिवाय शुद्धता जपण्याची किंमत कोण देतो, हेही पाहावे लागते. न्यूझीलंडच्या चॅटम द्वीपसमूहातील मँगेरे बेटावर जंगल तोडले गेल्यानंतर दुर्मीळ फोर्ब्स पोपटाचा लाल कपाळाच्या पोपटाशी संकर होऊ लागला, तेव्हा मूळ जात टिकवण्यासाठी तेथील वन्यजीव खात्याला संकरित पक्षी मारावे लागले. तो निर्णय संवर्धनाच्या हिशेबात समर्थनीय असेलही, परंतु जंगल माणसाने तोडले आणि प्राण पक्ष्यांचे गेले, एवढे त्यातून निर्विवाद राहते.

संकर हा स्वतःच दोष नसेल, तर दोष आहे कोठे? पैदास करणारा येथे एक चतुर, आणि वाटतो त्याहून गंभीर, युक्तिवाद करू शकतो: ही जोडी लावली नसती तर हा पक्षी जन्मालाच आला नसता, अस्तित्व नसण्यापेक्षा पिंजऱ्यातले, पण खाऊनपिऊन सुखी अस्तित्व बरे, मग त्याचे नुकसान झाले असे कोणाच्या तुलनेत म्हणायचे? इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात मानवी संततीच्या संदर्भात हाच पेच मांडला. ज्या कृतीमुळे एखादा जीव अस्तित्वात येतो, तिनेच त्याचे अहित केले असे म्हणण्यासाठी तुलनेची दुसरी बाजू उरत नाही. नैतिकतेचा सगळा हिशेब ‘कोणाचे किती नुकसान’ या एकाच रकान्यात मांडला, तर हा पेच सुटत नाही.

भारतीय धर्मविचाराने हिशेब मुळातच तेवढ्या एका रकान्यात ठेवलेला नाही. बुद्धाने कर्माची व्याख्या चेतनेने, म्हणजे कर्त्याच्या हेतूने केली. त्यामुळे कृतीने दुसऱ्याचे काय झाले याइतकाच ती करणाऱ्याच्या मनात काय होते हा प्रश्न मूळचा ठरतो. उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार आहे, जरी जुने भाष्यकार त्याचा अर्थ मुख्यतः माणसांची खरेदी-विक्री असा करीत असले तरी. जैन आचारशास्त्र याहून नेमके बोलते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रत न मोडताही त्याला डाग लावणाऱ्या कृती, सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली ‘बंध’ आहे: जीवाला त्याच्या इच्छित संचारापासून अडवून ठेवणे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांची चर्चा करताना पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर आणि दासी यांचे पोषण करणे हा एक निषिद्ध व्यवसाय मानला आहे. पोपट आणि दासी एकाच यादीत यावेत हे आधुनिक वाचकाला खटकते. पण त्यामागचा धागा असा की ज्याचे पालनपोषण त्याच्यासाठी नसून त्याच्यापासून मिळणाऱ्या पैशासाठी होते, त्याच्याबाबतीत पोषण हेच बंधनाचे साधन बनते. दुसरीकडे कामसूत्राने पोपट-मैनेला बोलायला शिकवणे चौसष्ट कलांत गणले, म्हणजे त्याच संस्कृतीत पिंजरा ही नागरी अभिरुचीची खूणही होती. परंपरा एकमुखी नव्हती, आणि तिला एकमुखी ठरवून आजचा निर्णय तिच्या गळ्यात घालणे अप्रामाणिक ठरेल.

हेतूचा हा विचार संकरित पक्ष्याच्या देहाकडे आणि वर्तनाकडे पाहिल्यावर अधिक ठोस होतो. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम डिल्गर यांनी १९६२ साली लव्हबर्ड या लहान आफ्रिकी पोपटांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पीचफेस जातीची मादी घरट्यासाठी सालीच्या किंवा कागदाच्या पट्ट्या कातरून त्या कमरेजवळच्या पिसांत खोचून नेते. फिशर जातीची मादी तेच सामान चोचीत धरून नेते. या दोन जातींच्या संकरातून झालेल्या माद्या पट्टी पिसांत खोचू पाहत, पण ती नीट खोचली जात नसे, किंवा खोचल्यावर चोच सोडण्याचेच राहून जाई. चोचीत धरून नेणे त्यांना हळूहळू जमत गेले, त्याला सुमारे तीन वर्षे लागली, आणि त्यानंतरही पट्टी उचलताना मान पाठीकडे वळवण्याची निरर्थक हालचाल पूर्णपणे गेली नाही. हे संकर वांझही होते. ज्या पिलांसाठी तो सारा खटाटोप, ती पिले त्यांना होणार नव्हती. डिल्गर यांचा हेतू सहजप्रवृत्ती कशी वारशाने येते हे समजून घेण्याचा होता, आणि ज्ञानाच्या नावाने त्याला काही सूट देता येईल. निव्वळ रंगछटेसाठी असाच जीव घडवणाऱ्याला ती सूट मागता येत नाही. सर्वच संकरांची अशी ओढाताण होते असे नव्हे. सन आणि जेंडे कोनूर इतके जवळचे आहेत की त्यांची संतती प्रजननक्षम असते. मात्र जोडी लावणाऱ्याला आपल्या पिलाच्या वाट्याला यांतले काय येईल याची पर्वा असतेच असे नाही, कारण गिऱ्हाईक रंग पाहून येते.

महाभारताच्या अनुशासनपर्वात, दयाळूपणाचे, म्हणजे ज्याला तेथे आनृशंस्य म्हटले आहे त्या गुणाचे स्वरूप युधिष्ठिर विचारतो तेव्हा भीष्म एका पोपटाची कथा सांगतात. काशीच्या प्रदेशात एका व्याधाचा विषारी बाण हरणाला न लागता एका मोठ्या वृक्षात रुतला आणि तो वृक्ष वाळत गेला, पण त्याच्या ढोलीत राहणारा पोपट त्याला सोडून गेला नाही. इंद्राने ब्राह्मणाच्या रूपात येऊन, इतकी हिरवी झाडे असताना या वठलेल्या खोडात का राहतोस, असे विचारले. त्यावर पोपटाने सांगितले की आपण येथे जन्मलो, येथे वाढलो, शत्रूंपासून याच झाडाने राखले. ते समर्थ होते तेव्हा त्याच्या आश्रयाने जगायचे आणि ते असमर्थ झाल्यावर सोडायचे, हे कसे व्हावे? कथेचा भर पोपटाच्या निष्ठेवर असला, तरी ती निष्ठा शक्य होण्यासाठी आधी झाड असावे लागते. जंगली पोपटाला थवा, ढोली, ऋतू आणि फळांच्या वेळा यांनी विणलेली एक जागा असते, आणि पकडून पिंजऱ्यात घातलेल्या राघूला निदान ती जागा हिरावली गेलेली असते. पिंजरा उघडून त्याचे काही अंशी तरी परिमार्जन करता येते. पिंजऱ्यात घडवलेल्या संकरित मकाऊला परत जाण्याची जागाच निर्माण केलेली नसते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेला पोपट आपल्याच भाराने ती फिरल्यामुळे उलटा लटकतो आणि कोणी बांधलेले नसताना ती घट्ट धरून ठेवतो. तेथे नळी सोडणे एवढीच मुक्ती आहे. संकरित पक्ष्याच्या बाबतीत सोडून देणे ही मुक्ती नसते, तर बहुधा उपासमार असते. आणि पुण्य म्हणून पक्षी उडवून देण्याच्या प्रथेने त्याची केवळ हत्याच घडेल.

म्हणून पैदास करणाऱ्याच्या युक्तिवादाला खरे उत्तर ऋणाच्या कल्पनेत आहे. जन्माला घालणे हे उपकार नसून स्वतःवर घेतलेले कर्ज आहे, आणि ज्याला दुसरा कोणताही आश्रय नाही अशा जीवाच्या बाबतीत ते कर्ज त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत चालते. मोठे मकाऊ पाळीव अवस्थेत पन्नासहून अधिक वर्षे जगू शकतात, म्हणजे चाळिशीतल्या माणसाने पिलू घेतले तर त्याच्यामागेही पक्षी उरण्याची शक्यता मोठी. त्यातच ते लवकर माणसाळावे म्हणून पिलाला आईबापांपासून काढून हाताने भरवले जाते. असा पक्षी माणसालाच आपला थवा समजतो, आणि तो माणूस दिवसभर कामावर असला की पुष्कळदा स्वतःची पिसे उपटू लागतो. गवळाऊ बैलालाही वेसण असते, तो खच्ची केलेला असतो, आणि त्याच्याकडून कष्ट घेतले जातात. पण त्या घेण्याची जाणीव शेतकरी समाजाने पोळ्याच्या सणात खांदे मळून आणि पुरणपोळी भरवून उघडपणे मान्य केली आहे. ही मान्यता अपुरी आहे असे कोणी म्हणू शकेल, विशेषतः वशिंड नसल्याने जुवाला न चालणाऱ्या संकरित गोऱ्ह्यांचे काय होते हे पाहिल्यावर. तरी तेथे देण्या-घेण्याचे नाते निदान नाते म्हणून ओळखले गेले आहे. शोभेच्या पक्ष्याच्या व्यवहारात ऋण पावतीबरोबर गिऱ्हाइकाकडे सरकते आणि पैदास करणारा मोकळा होतो.

पक्षी पाळणाऱ्यांची माया खोटी नसते, आणि तिला ढोंग म्हणणाऱ्या नीतिवाद्याचे कोणी ऐकू नये. अधिक तोलाचा आक्षेप असा की पिंजऱ्यातील पैदाशीमुळे जंगलातून पक्षी पकडण्याचा दबाव कमी होतो. एकाच जातीच्या जोड्यांबाबत यात काही तथ्य आहे. सन कोनूर गयाना आणि उत्तर ब्राझीलमधील आपल्या मूळ प्रदेशात धोक्यात आलेला आहे, आणि पिंजऱ्यांतील त्याचा शुद्ध वंश कधीतरी त्या रानांत परत सोडता येईल अशी कल्पना करता येते. जेंडेशी संकर होताच तो वंश या कामातून बाद होतो. येथे शुद्धतेचा मुद्दा पुन्हा येतो खरा, पण तो प्रतिष्ठेचा म्हणून येत नाही. परत जाण्याची एक वाट उघडी राहते की बंद होते, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यामुळे संवर्धनाचे समर्थन संकराला वापरता येत नाही, आणि उरते ती रंगाची हौस.

जे संकरित पक्षी आज घरोघरी आहेत, त्यांच्याविषयीचे कर्तव्य यामुळे कमी होत नाही, उलट वाढते: जोडीदार, उडता येईल इतकी जागा, आणि मालकाच्या मृत्यूनंतर कोण सांभाळणार याची आधी लिहून ठेवलेली व्यवस्था. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्याला क्रूरता मानतोच. पांजरपोळांनी निरुपयोगी जनावरांचा भार पिढ्यान्‌पिढ्या उचलला, पण तो दुसऱ्याने वापरून टाकलेल्या जीवांचा भार होता आणि दानावर चालला. शोभेसाठी घडवलेल्या जीवाचा आयुष्यभराचा खर्च पिलाच्या किमतीतच धरून तो राखून ठेवण्याची सक्ती पैदास करणाऱ्यावर झाली, तर ‘कॅटालिना’ची किंमत इतकी वाढेल की फार थोडे लोक तो घेतील.